मार्क्सवादाचे इतके प्रवाह का, आणि त्यातला खरा कुठला?

तुम्ही विचारलंत ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी भलत्याच प्रश्नाला उत्तर देत नाही ना हे तुम्हाला पाहता येईल. गेलं वर्षभर तुम्ही मार्क्सवादावर मिळेल ते वाचताय. त्यात लेनिनवादी भेटले, ट्रॉट्स्कीवादी भेटले, माओवादी, ग्राम्शीला मानणारे, फ्रँकफर्टवाले, स्त्रीवादी मार्क्सवादी आणि आपल्याकडचे मार्क्स-फुले-आंबेडकरवादीही भेटले. सगळे मार्क्सचं नाव घेतात आणि त्यातले बरेच जण एकमेकांना मार्क्सवादी मानायला तयार नसतात. म्हणून तुमचा प्रश्न, ‘यातला खरा मार्क्सवाद कुठला आणि मी सुरुवात कुठून करू?’ तुमचं गाव साखर कारखान्याच्या पट्ट्यातलं आहे हेही तुम्ही ओघात लिहिलंय. त्याचा पुढे उपयोग होणार आहे.

मी अठ्ठावीस वर्षं संघटनेचं काम करते आणि त्यातला मोठा वेळ अभ्यासवर्ग घेण्यात गेला. यंत्रमाग कामगार, अंगणवाडी सेविका, कॉलेजची मुलंमुली, ऊसतोड करणारी कुटुंबं, सगळ्यांसोबत बसले आहे. हा प्रश्न प्रत्येक वर्गात कधी ना कधी येतोच. ‘खरा कुठला’ या वाटेने गेलं की चर्चा रुतते, हा माझा अनुभव आहे, कारण मग प्रत्येक जण अवतरणं काढून दाखवू लागतो आणि अवतरणं सगळ्यांनाच सापडतात. मार्क्सने चाळीस वर्षं लिहिलं. त्या काळात त्याची मतं बदलली, काही प्रश्न त्याने अर्धेच सोडले. ‘कॅपिटल’चा पहिला खंड तेवढा त्याच्या हयातीत, १८६७ साली निघाला. दुसरा १८८५ मध्ये आणि तिसरा १८९४ मध्ये, दोन्ही त्याच्या कागदांवरून त्याचा सहकारी एंगल्सने तयार केलेले. तिसऱ्या खंडातलं वर्गांवरचं प्रकरण तर दीडएक पानातच तुटतं. इतकं काम अपुरं राहिलेल्या माणसाच्या नावाने एकच बंदिस्त शिकवण उभी करायची म्हटलं, तर वाद होणारच.

मला उपयोगी पडलेला प्रश्न निराळा आहे. हा प्रवाह कोणत्या पेचातून निघाला? तेव्हा कोणापुढे काय येऊन ठाकलं होतं, की जुनी मांडणी पुरेना झाली? आणि तसा पेच आज मी काम करते त्या ठिकाणी आहे का?

एक गोष्ट आधीच कबूल करते. माझं उत्तर तुम्ही कशासाठी वाचताय यावर बरंचसं अवलंबून आहे. परीक्षेसाठी वाचत असाल तर प्रवाहांची नावं, माणसं आणि सनावळ्या नीट लावून घ्या. त्याला चांगली पाठ्यपुस्तकं आहेत, माझी गरज नाही. इतिहासात रस असेल तर दुसरा रस्ता. मी लिहितेय ते आजूबाजूचं जग समजून घेऊन त्यात काही करू पाहणाऱ्या माणसासाठी, कारण तुमच्या प्रश्नाचा सूर मला तसा वाटला.

सुरुवात एका पत्राने करते. माझ्या वर्गातही बहुधा हेच पहिलं असतं.

१८८१च्या फेब्रुवारीत व्हेरा झासुलिच या रशियन क्रांतिकारक बाईने मार्क्सला पत्र लिहिलं. रशियाच्या खेड्यांत तेव्हा सामूहिक जमिनीची जुनी पद्धत टिकून होती. गावची जमीन गावाची, ती कुटुंबांना वाटून द्यायची आणि अधूनमधून फेरवाटप करायचं. तिचा प्रश्न अगदी रोकडा होता. तुमचे रशियातले अनुयायी सांगतात की ही पद्धत मोडणं अटळ आहे, आधी भांडवलशाही यायची आणि मगच समाजवाद. हे खरं असेल तर आम्ही स्वस्थ बसून शेतकऱ्यांची जमीन केव्हा जाते याची वाट पाहायची का? आणि खरं नसेल तर या गावांनाच बळ देण्यासाठी जीव टाकायचा का?

मार्क्सने या पत्राच्या उत्तराचे मसुदे पुन्हा पुन्हा लिहिले, त्यातले काही लांबलचक. ८ मार्च १८८१ रोजी धाडलं ते उत्तर मात्र छोटं होतं. त्याचा आशय असा, की ‘कॅपिटल’मध्ये मी भांडवलशाहीच्या जन्माची जी अटळ वाट दाखवली आहे ती पश्चिम युरोपातल्या देशांपुरती आहे. रशियातली ही गावं नव्या समाजाचा आधार ठरू शकतात, मात्र त्यांच्यावर चारी बाजूंनी होणारे घाव आधी थांबवले पाहिजेत.

मला इथे दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, सगळ्या देशांना एकाच जिन्याने चढायचंय, ही समजूत खुद्द मार्क्सने लेखी नाकारली होती. दुसरी, हे पत्र छापून बाहेर आलं १९२४ साली, म्हणजे मधली चाळीसहून अधिक वर्षं. झासुलिच स्वतः १८८३ मध्ये रशियन मार्क्सवादी प्लेखानोव्हच्या गटात गेली आणि त्या गटाने नेमकी उलट भूमिका घेतली, आधी भांडवलशाही आणि मग पुढचं. मार्क्सचं उत्तर हातात असून असं झालं. आणि त्या गटाच्या मांडणीलाही आधार होता, कारण रशियात रेल्वे, गिरण्या आणि कामगार डोळ्यांदेखत वाढत होते. ‘अमुक टप्प्यानंतरच तमुक’ हा वाद पुढे आपल्याकडच्या पक्षांपर्यंत येऊन पोचला. त्याचं मूळ इथे आहे.

दुसरा पेच जर्मनीतला. समाजवाद्यांवर बंदी घालणारा कायदा १८९० साली संपला आणि पक्ष झपाट्याने वाढू लागला. मतं वाढली, संघटना वाढल्या, मजुरीही काही ठिकाणी वाढली. भांडवलशाही कोसळेल असं जे भाकीत होतं ते काही घडेना. पक्षातल्याच बर्नस्टाइन या विचारवंताने १८९९ मध्ये उघडपणे लिहिलं की कोसळण्याची वाट पाहणं सोडा, सुधारणा करत करतच समाजवादाकडे जाता येईल. त्याच पक्षातल्या रोझा लुक्झेंबुर्गने त्याच वर्षी उत्तर दिलं. सुधारणांसाठी लढायलाच हवं, त्यातूनच कामगार तयार होतो, पण सुधारणांनाच शेवटचं ध्येय केलंत तर तुम्ही त्याच ठिकाणी जाणारा लांबचा रस्ता घेत नाही आहात, तुम्ही ठिकाणच बदललंय, असं तिचं म्हणणं. पतपुरवठा आणि कंपन्यांच्या युत्यांनी संकट टळत नाही, ते साठत जातं, हेही तिने दाखवलं.

युनियनचं काम करणाऱ्या माणसाला हा वाद दर आठवड्याला भेटतो. पगारवाढीचा करार झाला की दुसऱ्या दिवशी गेटसभेला निम्मी माणसं. मग करार करायचाच नाही का? तसं म्हणणाऱ्या माणसाला कामगार दारात उभा करणार नाही. माझं मत रोझाच्या बाजूचं आहे, पण बर्नस्टाइनला मी गद्दार म्हणत नाही. समोर दिसत होतं ते त्याने प्रामाणिकपणे नोंदवलं. ४ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मन समाजवाद्यांनी संसदेत युद्धखर्चाला मतं दिली, तिथे त्या मोठ्या पक्षाची कसोटी लागली. पुढे युद्धाला विरोध करत जुन्या पक्षाबाहेर पडून १९१७ मध्ये जो वेगळा पक्ष निघाला, त्यात बर्नस्टाइन होता, त्याला खोडून काढणारा काउट्स्की होता आणि रोझाचा गटही होता. सुधारणावादी, सनातनी, क्रांतिकारी अशा चिठ्ठ्या चिकटवून माणसं ओळखायला जाल तर हे तुम्हाला उलगडणार नाही.

बाकीच्या युरोपावरून भरभर जाते. लेनिनपुढचा पेच होता झारच्या पोलिसी राजवटीत पक्ष कसा टिकवायचा. १९०३ साली बोल्शेविक आणि मेन्शेविक वेगळे झाले, त्याची सुरुवात पक्षाचा सभासद कोणाला म्हणायचं या एका कलमावरून झाली. ट्रॉट्स्कीचा प्रश्न होता की मागास देशातला कामगार सत्तेपर्यंत पोचला तर त्याने लोकशाहीच्या टप्प्यावर थांबायचं कसं, आणि एकट्या देशात तो टिकणार कसा. माओचा पेच १९२७चा. शांघायमध्ये कम्युनिस्टांची आणि कामगारांची कत्तल झाली, शहरं हातची गेली, उरली ती खेडी. फ्रँकफर्टच्या संशोधनसंस्थेतल्या मंडळींना छळत होतं ते जर्मनीत त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेलं, की इतका संघटित कामगारवर्ग असूनही हिटलर आलाच कसा.

ग्राम्शीपाशी थोडं थांबते, कारण आपल्याकडे त्याचं नाव हल्ली फार घेतलं जातं आणि पुष्कळदा तो नुसता संस्कृतीचा अभ्यासक म्हणून सांगितला जातो. तो पक्षाचा नेता होता आणि १९२६ मध्ये मुसोलिनीच्या राजवटीने त्याला पकडलं. तुरुंगात वह्यांमागून वह्या लिहिताना त्याच्यापुढे एकच सल होता. रशियात क्रांती झाली, इटलीत गिरण्या ताब्यात घेऊनही आपण का हरलो? त्याचं उत्तर असं, की पश्चिमेकडे राज्यसत्ता नुसत्या दंडुक्यावर उभी नसते. शाळा, चर्च, वर्तमानपत्रं, मंडळं यांतून सत्ताधारी वर्ग लोकांची संमती मिळवत असतो. त्यालाच आपल्याकडे धुरीणत्व म्हणतात. सहकारी कारखाना, शिक्षणसंस्था, बँक आणि दूधसंघ एकाच घराण्याकडे असलेल्या तालुक्यात तुम्ही वाढला असाल, तर धुरीणत्व समजायला तुम्हाला इटलीला जायची गरज नाही.

आता आपल्याकडे येऊ.

भारतातल्या पक्षाचा जन्म कधीचा, यावरही एकमत नाही. भारतीय कम्युनिस्ट पक्ष १९२५चं कानपूरचं अधिवेशन धरतो आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष १९२०ची ताश्कंदची बैठक. तारखेमागे मुद्दा आहे. ताश्कंद धरलं तर आंतरराष्ट्रीय चळवळीशी असलेलं नातं जन्मापासूनचं ठरतं, कानपूर धरलं तर या मातीतल्या गटांनी एकत्र येण्याला महत्त्व मिळतं. १९२०च्याच उन्हाळ्यात कोमिंटर्नच्या, म्हणजे जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेच्या, दुसऱ्या अधिवेशनात मानवेंद्रनाथ रॉय यांनी लेनिनशी वाद घातला होता. वसाहतींमधल्या भांडवलदारांच्या स्वातंत्र्यचळवळीला पाठिंबा द्यावा, असा लेनिनचा कल. रॉय म्हणत होते की हा वर्ग कधीही तडजोड करेल, आपलं बळ कामकरी आणि शेतकऱ्यांत लावा. लेनिनने आपल्या मसुद्यात बदल केले आणि रॉयच्या मुद्द्यांचाही दुरुस्तीसह पूरक प्रबंध मंजूर झाला. इतका मोठा नेता आणि तेहतिशीचा परका तरुण समोरासमोर वाद घालतात आणि दोन्ही प्रबंध पास होतात. वर्गात हे सांगताना मला दर वेळी बरं वाटतं.

तोच प्रश्न पुढे चाळीस वर्षं जळत राहिला. आपला भांडवलदार साम्राज्यशाहीविरुद्ध उभा राहणारा आहे की तिचा जोडीदार? १९६४ला पक्ष फुटला त्याला चीन-रशियाचा वाद आणि १९६२चं युद्ध ही कारणं होतीच, पण कार्यक्रमातला फरक हाच होता. भाकपने राष्ट्रीय लोकशाही क्रांती म्हटलं, त्यात राष्ट्रीय भांडवलदाराला जागा होती. माकपने सत्ता बड्या भांडवलदारांच्या पुढाकाराखालची भांडवलदार-जमीनदारांची आहे असं म्हणून जनतेची लोकशाही क्रांती म्हटलं. १९६७च्या नक्षलबारीनंतर निघालेल्या गटांनी भारत अर्धसरंजामी आणि अर्धवसाहतिक आहे, म्हणजे अजून निम्मा जमीनदारांच्या आणि निम्मा परक्या साम्राज्यांच्या मुठीत आहे, असं मांडून चीनच्या वाटेने नवलोकशाही क्रांती म्हटलं. महाराष्ट्रात याच्याही आधी एक फूट पडली होती. १९४२च्या लढ्याच्या वेळी पक्षाने महायुद्धाला लोकयुद्ध म्हणून पाठिंबा दिला आणि लढ्यापासून दूर राहिला. ते न पटून बाहेर पडलेल्यांच्या गटातून पुढे लाल निशाण पक्ष झाला.

इथवरचं एका दमात सांगायचं तर मतभेद मुख्यतः तीन जागी आहेत. समाज कोणत्या अवस्थेत आहे, बदल कोण घडवणार, आणि सत्तेशी कसं वागायचं. बाकीचे बहुतेक वाद या तिन्हींतून फुटतात.

पण आपल्याकडे चौथी जागा आहे, जातीची, आणि ती युरोपच्या पुस्तकांत सापडत नाही. ती समजावायला मी मुंबईच्या गिरणीतला धागा सांगते.

गिरणीत विणाईच्या खात्यात, म्हणजे साच्यांवर, मजुरी जास्त मिळायची. धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी घालायचा आणि धाग्याचं टोक धोट्याच्या भोकाशी तोंड लावून श्वासाने ओढून घ्यायचा. एकाच धोट्याला अनेकांचं तोंड लागणार. म्हणून सवर्ण कामगार अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात येऊ देत नसत. मालकांच्या नियमात तसं काही लिहिलेलं नव्हतं, पण दलित कामगार कमी मजुरीच्या खात्यांत अडकून राहायचा. १९२८चा मोठा संप झाला, सहा महिने चालला, कामगारांची एकजूट साऱ्या देशाने पाहिली. त्या काळात बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हाच प्रश्न ठेवला, की तुमच्या मागण्यांत हे कुठे आहे?

ही गोष्ट वर्गात सांगितली की माणसं गप्प होतात. यंत्रमागावर काम केलेला माणूस असेल तर त्याला धोटा हातात आल्यासारखा वाटतो. इथे ‘आर्थिक पाया आणि त्यावरचा सांस्कृतिक इमला’ ही मार्क्सवाद्यांची नेहमीची विभागणी कशी लावणार? जात इमल्यात टाकून ‘क्रांतीनंतर बघू’ म्हणायचं, तर इथे जात मजुरीचा दर ठरवतेय, कोण कुठल्या खात्यात जाणार हे ठरवतेय. ती थेट उत्पादनात उभी आहे. जात ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीही विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लिहिलं, त्याचा अर्थ या धोट्यात दिसतो. आणि तरीही ७ नोव्हेंबर १९३८ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, तेव्हा बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते. दोन्ही घटना एकत्र लक्षात ठेवा, एकच सांगितली तर चित्र खोटं होतं.

शरद पाटील याच जागेवर उभे राहिले. धुळ्याच्या आदिवासी भागात काम करताना त्यांनी पक्षाला विचारलं की जातीअंताचा लढा वर्गलढ्याइतकाच मूलभूत का मानायचा नाही? १९७८ मध्ये ते माकपमधून बाहेर पडले, सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला आणि मार्क्स-फुले-आंबेडकरवाद मांडला. त्यांचं प्राचीन भारतावरचं लेखन मला सगळंच पटत नाही. संस्कृत शब्दांच्या व्युत्पत्तीवर ते फार मोठा भार टाकतात. पण वर्गपूर्व समाजात स्त्री आणि शूद्र यांच्या दास्यापासून सुरुवात करायची, हा त्यांचा हट्ट योग्य होता, असं मी मानते. त्यांच्या आधी दामोदर कोसंबींनी असाच आग्रह वेगळ्या अंगाने धरला होता. कम्युनिस्ट नेते डांग्यांनी भारतीय इतिहासाला आदिम साम्यवाद आणि मग गुलामगिरी असे युरोपचे टप्पे लावले, तेव्हा १९४९ मध्ये कोसंबींनी त्याची कडक चिकित्सा केली. मार्क्सवाद हे विचार करायचं साधन आहे, विचार करण्याची सुट्टी नव्हे, असं त्यांचं म्हणणं. गोव्यात जन्मलेला हा गणिती पुण्याच्या टेकड्यांवर पायी हिंडून दगडी हत्यारं आणि ग्रामदैवतांची ठाणी पाहत इतिहास लिहायचा. पुस्तकातला टप्पा आणि पायाखालची जमीन यांत फरक पडला, तर त्याने जमिनीचं ऐकलं.

आता तुमच्या गावाकडे. कुठल्याही प्रवाहाची परीक्षा मी शेवटी एकाच ठिकाणी घेते, उसाच्या फडात.

काही वर्षांपूर्वी फडाशेजारच्या कोप्यांवर, म्हणजे ऊसतोड कुटुंबांच्या झोपड्यांवर, आमची बैठक होती. रात्रीचे आठ वाजले असतील. एका कोपीपुढे बीड जिल्ह्यातलं जोडपं बसलं होतं. त्यांच्या सहावीतल्या मुलीने शंभर पानी वहीत रोज किती टन ऊस गेला ते लिहून ठेवलं होतं. डाव्या बाजूला टन, उजवीकडे खाडे. वहीच्या पहिल्या पानावर उचलीची, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या पैशांची, रक्कम, खाली दोन रेघा. बाई भाकऱ्या थापता थापता म्हणाली, ‘ताई, आमची दोन एकर कोरडवाहू हाय. सहा म्हैने फडात असतोय. मंग आमी शेतकरी म्हणायचं का मजूर?’

भारतातल्या मार्क्सवादी अर्थशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त वर्षानुवर्षं जो वाद घातला, तो मुळात या बाईचा प्रश्न आहे. अशोक रुद्र, उत्सा पटनाईक, अमित भादुरी, जैरस बनाजी ही त्यातली काही नावं. शेती भांडवली झाली की अजून अर्धसरंजामी आहे, हा वाद.

लेनिनच्या चष्म्यातून पाहा. १८९९च्या रशियावरच्या पुस्तकात तो म्हणतो की जमिनीचा तुकडा असलेला पण मजुरीवर जगणारा माणूस हा मजूरच आहे, तुकडा त्याला बांधून ठेवतो इतकंच. म्हणजे बाई मजूर आणि लढा मजुरीचा.

अर्धसरंजामी मांडणीवाला म्हणेल, उचल बघा. भादुरींनी बंगालच्या कुळांबद्दल १९७३ मध्ये दाखवलं होतं की कर्ज हीच माणसाला बांधायची दोरी असते. मुकादमाची, म्हणजे कारखान्याला टोळी पुरवणाऱ्या माणसाची, उचल फिटेपर्यंत हे जोडपं दुसरीकडे जाऊ शकत नाही आणि हंगामाअखेर फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षाच्या बोकांडी. हा मुक्त मजूर कसला? इथला पहिला लढा कर्जबंधनाविरुद्ध.

बनाजींची मांडणी याला छेद देते, आणि मला ती सगळ्यात उजेड पाडणारी वाटते. त्यांनी एकोणिसाव्या शतकातल्या दख्खनच्या शेतकऱ्यांचा अभ्यास केला, ज्या मुलखात १८७५ला सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या. त्यांचं म्हणणं, की कर्ज दिसलं की लगेच ‘सरंजामी’ म्हणू नका. सावकाराच्या आगाऊ पैशावर पेरणारा आणि पीक त्याच्याच घरात घालणारा शेतकरी नावाला मालक, प्रत्यक्षात त्याला मिळते ती झाकलेली मजुरी. हे उचलीला लावून पाहा. उचल म्हणजे आगाऊ दिलेली मजुरी, आणि ती देऊन कारखाना ऐन हंगामात माणसं मिळण्याची खात्री विकत घेतो. त्याची साखर बाजारात जाते, त्याची यंत्रं आधुनिक आहेत आणि दोरी मात्र कर्जाची आहे. भांडवलशाही अशी दोरी आनंदाने वापरते. मग प्रश्न येतो की मालक कोण? कारखाना म्हणतो, ही आमची माणसं नाहीत, मुकादमाची आहेत. या मांडणीतून पहिली मागणी निघते ती कारखान्याला मालक ठरवण्याची.

मार्क्स-फुले-आंबेडकरवादी विचारेल, टोळीत कोण कोण आहे? वंजारी, बंजारा, दलित, आणि जमीन तुटत गेलेली मराठा कुटुंबंही. मुकादम बहुधा गावचाच, पुष्कळदा जातीतलाच. मग एकाच फडात दोन टोळ्या एकमेकींशी बोलत नाहीत, दरवाढीच्या संपात एक बसते आणि दुसरी कोयता उचलते. संप का मोडला, याचं उत्तर मजुरीच्या दरात मिळत नाही.

आणि स्त्रीवादी मार्क्सवादी त्या वहीतच बोट ठेवेल. हिशोब ‘कोयत्या’चा असतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. उचल नवऱ्याच्या नावावर, सही नवऱ्याची. बाई पहाटे तीनला उठून पाणी आणते, भाकरी करते, मग दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवते, परत येऊन पुन्हा चूल. वहीत यातलं काहीच नाही. आजारी पडली तर खाडा मात्र लिहिला जातो. पाळीमुळे खाडे नकोत म्हणून बीडमधल्या किती बायकांची गर्भाशयं काढली गेली, याची चौकशी करायला २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली. उद्यासाठी श्रमशक्ती तयार करायचं काम फुकटात कोण करतं, हा प्रश्न १९७०च्या दशकातल्या स्त्रीवादी मार्क्सवाद्यांनी विचारला. मार्क्सने तो जवळजवळ सोडूनच दिला होता.

त्या रात्री मी बाईला म्हटलं, तुम्ही मजूर आहात, आणि तुमची जमीन हा तुम्हाला स्वस्तात मिळवायचा मार्ग आहे, कारण उरलेले सहा महिने तुमचं पोट ती भरते आणि कारखान्याला ते भरावं लागत नाही. तिने मान हलवली. मग म्हणाली, ‘मंग माझं नाव वहीत वायलं लिहा.’ आमच्या मागणीपत्रात बाईच्या नावावर वेगळी मजुरी हे कलम त्यानंतर आलं. त्याआधी आम्ही पंधरा वर्षं फक्त टनाचा दर मागत होतो.

म्हणून माझं उत्तर असं, की मला या पाचांतला एकही फेकता येत नाही आणि पाचही सारखेच बरोबर आहेत असंही मी म्हणत नाही. मालक कोण या प्रश्नावर मी बनाजींच्या बाजूने उभी राहते, अर्धसरंजामी मांडणी मला इथे चुकीची वाटते. पण गडचिरोलीत किंवा बिहारमध्ये काम करणारा माणूस माझ्याशी वाद घालू शकेल आणि त्याच्याजवळ माझ्याकडे नसलेला अनुभव असेल.

वाचायचं म्हणाल तर या क्रमाने जा. मार्क्सची मजुरी आणि भांडवलावरची १८४७ची कामगारांपुढची व्याख्यानं आधी वाचा, छोटी आहेत. मग ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडातलं कामाच्या दिवसावरचं दहावं प्रकरण. पहिली तीन प्रकरणं अवघड आहेत, तिथे अडकून पुष्कळांनी पुस्तक मिटलंय, म्हणून मी दहाव्यापासून सुरू करायला लावते आणि मग मागे नेते. त्यानंतर एंगल्सचं १८९० मधलं ब्लॉखला लिहिलेलं पत्र, ज्यात तो आर्थिक घटक हाच एकमेव घटक मानणाऱ्यांना स्पष्ट विरोध करतो. मग जोड्या वाचा. बर्नस्टाइन आणि रोझा एकत्र, लेनिन आणि रॉय एकत्र, डांगे आणि कोसंबी एकत्र, बाबासाहेबांचं जातिनिर्मूलनावरचं भाषण आणि शरद पाटील एकत्र. एकटा प्रवाह वाचला की तो शहाणा वाटतोच, समोरचा वाचल्यावर त्याचा पेच दिसतो.

आणि दिवाळीनंतर तुमच्या शिवारात टोळ्या उतरतील, तेव्हा एक संध्याकाळ कोप्यांवर जा. तीन गोष्टी विचारा. उचल कोणाच्या नावावर आहे, खाड्याचा दंड कोण ठरवतं, आणि वाडं, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा चारा, विकून आलेले पैसे कोणाच्या हातात जातात. उत्तरं वहीत उतरवून मला कळवा, पुढचं बोलणं तिथून सुरू करू.